खिडकीबाहेरचा हात

पुण्यात मी एकोणीस वर्षं गाडी चालवली आणि त्यातली निदान पंधरा वर्षं हाताने चालवली. म्हणजे स्टिअरिंगवरच्या नव्हे, खिडकीबाहेरच्या हाताने. वळायचं असलं की खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा, मागच्याला पंजा दाखवायचा आणि घुसायचं. मागचा बसवाला असो नाहीतर रिक्षावाला, तो शिव्या घालतो, पण थांबतो. इंडिकेटरवर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो मागच्या चौकात लावलेलाही असू शकतो. हात दिसला म्हणजे त्या हातामागे एक बाई आहे आणि ती भांडायला तयार आहे, एवढं सगळ्यांना समजतं.

हे सगळं कर्तृत्व घेऊन मी शारजात आले आणि दहा वर्षं नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून राहिले. त्याचं ऑफिस दुबईत, माझंही दुबईतच, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, आणि शारजातून दुबईत जाणारा रस्ता रोज सकाळी तुंबलेला. त्या तुंबलेल्या रस्त्यावर मी मटार सोललेत, मुलीच्या वह्यांना कव्हरं घातलीत, एकदा तर स्वेटरची अख्खी बाही विणली. स्वेटर कोणासाठी, या वाळवंटात, ते विचारू नका. लायसन्सची गरजच पडली नाही. इथे भारतातलं लायसन्स चालत नाही. नव्याने फाइल उघडा, क्लास करा, परीक्षा द्या. कोण करतं? चालवणारा घरात होता.

मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "माझी बदली झाली. फुजैरा टर्मिनलला. मार्चपासून."

फुजैरा म्हणजे डोंगरापलीकडचा किनारा. तेलाच्या टाक्या, नांगरलेली जहाजं आणि मोजकी भारतीय कुटुंबं. त्याला कंपनीची खोली मिळणार होती, कामाच्या जागेपासून चालत पाच मिनिटांवर.

"सगळेच तिकडे जाऊ," तो म्हणाला. "मेच्या शेवटी या घराचा करार संपतोय. तू नोकरी सोड. हिचं बारावीचं वर्ष तिकडच्या शाळेत होईल."

"व्हॉट? नो!" मुलगी म्हणाली. तिने भातातून डोकं वर काढलं, हीच मोठी गोष्ट.

मी म्हटलं, "आणि मी गाडी शिकले तर?"

तो हसला. त्याचं ते हसणं मला चांगलं माहीत आहे. मी पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हाही तो असाच हसला होता. "तू? त्या हायवेवर?" तो म्हणाला. "बरं. मेअखेर लायसन्स हातात आलं, तर राहा इथेच. नाही आलं, तर सामान बांधायचं. डील?"

"डील," मी म्हटलं आणि त्याच्या ताटातला शेवटचा पापड उचलला.

माझी नोकरी काही जगावेगळी नव्हती. जहाजांच्या मालाची कागदपत्रं करायची, फोनवर ओरडायचं, कस्टमवाल्यांना हबीबी म्हणायचं. पण ती मी शून्यातून मिळवली होती, वयाच्या चाळिशीत, तीही माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मॅनेजरपुढे मुलाखत देऊन. ती सोडून टाक्यांकडे बघत बसायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

फाइल उघडायला आधी डोळ्यांची तपासणी लागते. ती कुठल्याही चष्म्याच्या दुकानात होते. नवराच घेऊन गेला. दुकानातल्या केरळी पोरीने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी घडाघडा वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत, कोणी विचारलं नव्हतं तरी. मग ती नवऱ्याला म्हणाली, "सर, आप के लायसन्स का रिन्यूअल कब है? मे में? तो आँखों का टेस्ट अभी करा लो, दो मिनिट."

"बाद में, बाद में," तो म्हणाला आणि गाडीच्या किल्ल्या वाजवत बाहेर गेला. मला वाटलं, पार्किंगचा दंड पडेल म्हणून घाई असेल.

माझ्या शिक्षिकाबाई लाहोरच्या. मॅडमजी म्हणायच्या, पण सूर असा की मॅडमजीने खाली मान घालावी. मान खाली घालायची मात्र सोय नव्हती, कारण त्यांचं सगळं लक्ष माझ्या मानेवरच होतं. लेन बदलायच्या आधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, हा तिथला पहिला नियम. आरशात सगळं दिसत नाही म्हणे.

"मॅडमजी, गर्दन! गर्दन घुमाइए!"

"शीशे में देखा ना मैंने."

"शीशे ने देखा, आप ने नहीं देखा!"

माझी अडचण वेगळी होती. पुण्यात मागे काय चाललंय ही मागच्याची जबाबदारी असते. मी पुढचं बघते, तो मला बघतो, अशी वाटणीच झालेली आहे. शिवाय इथे सगळं उलट. स्टिअरिंग डावीकडे, रहदारी उजवीकडून, इंडिकेटरच्या जागी वायपर. पहिला आठवडाभर मी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरवले.  बाई एकदा आकाशाकडे बघून "माशाअल्ला" म्हणाल्या.

मार्चमध्ये नवरा फुजैराला गेला, गाडी घेऊन. मी एका कार लिफ्टमध्ये जागा मिळवली. म्हणजे पहाटे सहा अनोळखी माणसं एका गाडीत कोंबायची आणि दुबईत आपापल्या ऑफिसपाशी सोडायची. सगळे तोंड उघडं टाकून झोपायचे. मीही. नवरा दर शुक्रवारी संध्याकाळी येणार असं ठरलं होतं, पण तो शनिवारी सकाळी यायला लागला. "काम होतं" म्हणायचा. कधी म्हणायचा, "संध्याकाळी लोक कसले हेडलाइट लावतात, वेड लागल्यासारखे." मी त्यावर फार विचार केला नाही. त्याला बाकीच्या सगळ्या चालकांची कायमच तक्रार असते.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले, कारण मी फार हळू चालवली. साठच्या रस्त्यावर पस्तीसने. परीक्षक एक स्थानिक बाई, काळा अबाया, काळा चष्मा, तोंडातून महिन्याला चार शब्द. मागच्या सीटवर आपली पाळी येण्याची वाट बघत आणखी दोन परीक्षार्थी बसलेल्या असतात, म्हणजे नापासही चारचौघींत व्हायचं. "स्लो," एवढंच त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हळू म्हणालं होतं. फार जिव्हारी लागलं.

दुसरी परीक्षा एप्रिलमध्ये. या वेळी वेग बरोबर, वायपर गप्प, मानही दोनदा फिरली. त्याच परीक्षकबाईंनी डावीकडे जायला सांगितलं. डावीकडच्या लेनमध्ये थोडी मागे एक मोठी बस. मी इंडिकेटर दिला. बस काही मंदावेना. मग माझ्यातलं काय जागं झालं, देव जाणे. मी बटण दाबलं, काच खाली गेली, एप्रिलची गरम हवा भसकन आत आली, आणि माझा डावा हात कोपरापर्यंत बाहेर गेला. पंजा ताठ. थांब म्हटलं की थांब.

गंमत बघा. उजवी-डावी बाजू डोक्यात बसायला मला दोन महिने लागले होते, पण हाताला एक क्षण लागला नाही. पुण्यात उजवा जायचा, इथे बरोबर डावा गेला.

आणि बस थांबली! ड्रायव्हरने ब्रेक मारला. आमच्याच बाजूचा कोणीतरी असणार. मी विजयी मुद्रेने लेन बदलली आणि हात आत घेतला.

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "शू हाधा?" हे काय आहे?

"सिग्नल," मी म्हटलं.

मागच्या सीटवरून कोणीतरी खुदकन हसलं. बाई दोन क्षण माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राइट साइड, स्टॉप. खलास." माझ्या कागदावर त्यांनी बरंच काही लिहिलं. बस थांबली होती, हे मात्र लिहिलं नाही.

घरी मुलगी ऐकून पलंगावर पडली. "आई, यू वेव्ड अॅट अ बस?"

"वेव्ह नाही केलं. थांबवली."

"दॅट्स वर्स!"

नवरा फोनवर पोट धरून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "जाऊ दे ना गं. कशाला धडपडतेस? या सगळे इकडेच. इथे समुद्र आहे."

"समुद्र शारजातही आहे."

"इथला स्वच्छ आहे."

"मग पोहत ये दर शनिवारी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री मी रडले. हरले म्हणून नाही. तो माझ्या हरण्याची वाट बघतोय असं वाटलं म्हणून. वीस वर्षांच्या संसारात त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तिसरी परीक्षा मेच्या मध्यावर. घरमालकाचा माणूस दोनदा विचारून गेला होता, राहणार की सोडणार? मी म्हटलं, "इन्शाल्ला." त्यातून त्याला काय कळलं, माहीत नाही. मलाही काही माहीत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी मी स्टिअरिंग असं आवळलं की बोटांवर वळ उठले. हात कुठेही जाणार नाही म्हणजे नाही. मान मात्र इतकी फिरवली की मागे बसलेल्या फिलिपिनो नर्सला वाटलं मी तिच्याकडेच बघतेय. ती बिचारी दर वेळी हसून मला नमस्कार करायची. बस दिसली की मी तिला जाऊ दिलं. दोन बस, एक ट्रक, एक पाण्याचा टँकर. अख्ख्या पुण्यात मी एवढ्यांना कधी जाऊ दिलं नसेल.

गाडी थांबली. बाईंनी कागदावर एक खूण केली. "मबरूक," त्या म्हणाल्या. अभिनंदन. मग माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं आणि पहिल्यांदा हसल्या.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "पास!"

  "अरे, ऐकतोयस का? पास झाले मी!"

"बरं झालं," तो म्हणाला. आवाज जड होता. "मग शनिवारी तूच ये. मला न्यायला."

मागचे दोन शनिवार तो एका सहकाऱ्याच्या गाडीतून आला होता. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. घे म्हटलं. मी आणि मुलगी बसने फुजैराला गेलो. तो खाली पार्किंगमध्ये किल्ली घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे आमची गाडी. गाडीवर धुळीचा थर, बोटाने नाव लिहावं इतका. ती दोन आठवडे जागची हललेली नव्हती.

"काय रे हे?"

"माझं लायसन्स संपलंय," तो म्हणाला. "रिन्यूअल झालं नाही. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो."

मी हसणारच होते. अखेर याचीही पाळी आली, असं तोंडावर आलं होतं. मग त्याचा चेहरा पाहिला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनने बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण संशय त्याला जानेवारीपासूनच होता. समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसायचे, पाट्या जवळ आल्याशिवाय वाचता यायच्या नाहीत. म्हणून त्या दुकानातून पळ. म्हणून शनिवार सकाळ. म्हणून फुजैराची बदली, मागून घेतलेली.

"तुम्ही सगळे इकडे आलात की मला चालवावंच लागणार नाही, असं वाटलं," तो म्हणाला. "काम चालत पाच मिनिटांवर. कोणाला कळलंच नसतं."

"बाबा, यू ड्रोव्ह मी ऑन दॅट रोड?" मुलीने कानातले इअरफोन काढले होते. "लाइक धिस?"

 मी त्याच्यावर ओरडले. त्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, अगदी पुण्याच्या आवाजात ओरडले. मार्चमध्ये हा पोरीला त्या डोंगरातल्या रस्त्यावरून समुद्र दाखवायला घेऊन गेला होता, अर्ध्या डोळ्यांनी, आणि मला म्हणत होता तुला जमणार नाही! तीन महिने मी या माणसावर चिडले होते ते चुकीच्या गोष्टीसाठी, आणि आता बरोबर गोष्ट सापडली होती.  ओरडून झाल्यावर मला त्याची फार दया आली, आणि दया आली याचाही राग आला. मी त्याच्या हातातून किल्ली घेतली.

"घराचा करार कर पुढच्या वर्षाचा," गाडीत बसताना तो म्हणाला. एवढंच.

फुजैराहून परतीचा रस्ता डोंगरातून जातो. खाणीतला दगड भरलेले ट्रक उजवीकडून रांगेने चालतात. मी दोन ट्रक मागे टाकले आणि मला पुन्हा उजव्या लेनमध्ये यायचं होतं. इंडिकेटर दिला. तेवढ्यात शेजारून काच खाली गेल्याचा आवाज आला. नवऱ्याचा उजवा हात बाहेर गेला होता. पंजा ताठ.

"हात आत घे," मी म्हटलं.

त्याने घेतला. काच वर केली. हात मांडीवर ठेवला.

"ट्रक किती लांब आहे?" त्याने विचारलं.

मी मान वळवली आणि खांद्यावरून नीट मागे पाहिलं. "लांब आहे," मी म्हटलं.

लांब नव्हता. मी इंडिकेटर बंद केला, ट्रकला पुढे जाऊ दिलं, आणि मग उजवीकडे वळले.