तांब्याभर पाणी

ठेचलेल्या कांद्याचा वास आला की मला सानगडीतली ऐंशी सालच्या सुमाराची एक दुपार आठवते. बायको दवाखान्यात नर्स होती आणि मी घरी राहून तान्ही लेक सांभाळायचो. गाव मला ‘नर्सबाईचा माणूस’ म्हणे. त्या दुपारी बायको ड्युटीवर असताना तापलेल्या लेकीला माझ्या मांडीवरच आकडी आली. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. शेजारीण धावत आली, तिने लेकीला माझ्याकडून ओढून घेतलं आणि कांदा ठेचून तिच्या नाकाशी धरला. “भाऊ, नुसते पाहून काहून राहिले? पानी आना.” लेकीचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि फादर नागपूरला होते. जीव जात असेल तर आमच्यात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. मी तांब्या आणून लेकीच्या कपाळावर कलता केला, पण नाव घेताना अडलो. मला एका संताचं नाव हवं होतं, बायकोला दुसऱ्याचं, आणि ते भांडण अजून मिटलं नव्हतं. तोंडातून निघालं ते शेजारणीचं. “माहं नाव कायले घेता? पानी टाका,” ती खेकसली, आणि लेकीने टाहो फोडला. अजूनही चर्चमध्ये कोणी लेकीला विचारतं, हे कुठल्या संताचं नाव? ती शांतपणे सांगते, सानगडीच्या.