रोझाबाईंकडचं रिकोटा
उपासना गजभिये नागपुरात शाळेत शिकवायची. दोन हजार चार साली ती नवऱ्यामागे अमेरिकेतल्या श्रूजबरीला आली, पण तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दिवस खायला उठायचा.

शेजारच्या इटालियन रोझाबाईंनी एकदा तिला मोझरेला करायला बोलावलं. चीज काढून झाल्यावर उपासना दुधाचं उरलेलं हिरवट पाणी सिंकमध्ये ओतणार, तोच त्या ओरडल्या, "अगं, थांब!"

ते पाणी पुन्हा तापवल्यावर मऊ पांढरे कण वर तरंगले.

"हे रिकोटा. म्हणजे पुन्हा शिजवलेलं," रोझाबाई म्हणाल्या. "तू नागपुरात काय करायचीस?"

"शिकवायचे."

"मग इथे शिकणारी मुलं नाहीत का?"

त्या रविवारी उपासनाच्या बेसमेंटमध्ये ओळखीच्यांची मुलं मराठी अक्षरं गिरवत बसली होती.

"मावशी, हा 'ळ' खूप हार्ड आहे," छोटी शिवांगी कुरकुरली.

उपासनाने तिचा हात हातात घेऊन 'ळ' पुन्हा गिरवला.