पेजेला कोण जेवण म्हणतं?

सुईचं नाव काढलं तरी माझे हातपाय गार पडतात. त्यामुळे कर्जतच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, "तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोज इंजेक्शन घ्यावं लागेल," तेव्हा त्यांनी दिलेली नवी गोळी मी थेट देव्हाऱ्यात ठेवली. थट्टा नाही करत, खरंच ठेवली.

गोळीचा नेम कडक. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. मी मान डोलावली. एवढं काय त्यात?

तीन महिने भात निम्मा केला, गोड सोडलं. भिसेगावात शेजारच्या बारशाला जाऊन पेढा न खाता परत आले, म्हणजे बघा! आणि रिपोर्ट आला तर साखर होती तिथेच. दवाखान्यातच मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रिकाम्या पोटीच घेता ना?"

"अगदी रिकाम्या. नुसत्या पेजेबरोबर."

त्यांचं पेन थांबलं. "कशाबरोबर?"

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे पेजेला जेवण कोण म्हणतं? तांदूळ पातळ शिजवायचे, मीठ टाकायचं आणि वाटीभर ऊन ऊन प्यायची. आमच्या घरात चूळ भरली की पेज, ही सासूबाईंच्या काळापासूनची रीत. नुसत्या पाण्याने गोळी घशात अडकते, म्हणून मी ती पेजेच्या पहिल्या घोटाबरोबर गिळत होते आणि वाटी संपवून नंतर अर्धा तास इमानदारीत उपाशी बसत होते.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, ही गोळी पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्याच जातीची. पोट रिकामं असलं तरच त्यातलं जेमतेम थोडंसं रक्तात जातं. वर पेज ओतलीत की तेवढंही वाया!" मग आणखी तीन महिने दिले, शेवटचे.

घरी येऊन मी सासूबाईंवर उखडले. त्या ऐंशीच्या, पण ऐकून घेतील तर शपथ. "पेज काय जेवान हाय व्हय गं? त्या डाक्टरला काय कळतंय!"

पण दुसऱ्या दिवसापासून पहाऱ्याला त्याच बसल्या. मी गोळी घेतली की मोबाइलचा गजर वाजेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. एकदा आमटीचं मीठ बघायला मी बोट चाटलं, तर मनगटावर पळीचा फटका! "थूक आदी!" आवंढा गिळायचीसुद्धा चोरी झाली हो.

परवा रिपोर्ट आला. साखर उतरली, इंजेक्शन टळलं. मी दारातूनच ओरडले, "आई, सुटले! ती पेजच नडत होती."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हंजे पेज खरंच जेवान हाय?"

"हो, अगदी पुरतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "आनि मी यांच्याशी जन्मभर भांडले गं, मला उपाशी भाताच्या लावणीला नेता म्हनून. अवो, ती पेज तर रोज तुमीच उठून रांधायचा."