कमरेची सुपारी

माझ्या फोनमध्ये माणसांपेक्षा शेंगा-सुपाऱ्यांचे फोटो जास्त, म्हणून घरातली पोरं हसतात. हसू देत. गच्चीत वाळत घातलेल्या शेंगा दिसल्या की मला काढणीचे दिवस आठवतात, डिंकाच्या लाडवांसाठी काढलेले बदाम दिसले की घरात कोण बाळंतीण होती ते. माणसांच्या फोटोत सगळे नुसते दात काढून उभे.

त्यातला सुपारीचा एक फोटो मला फार प्रिय आहे. जळोचीला तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, नव्या घराची पूजा होती. त्याच सकाळी इंदापूरहून लेकीच्या पोटात दुखायला लागल्याचा फोन आला आणि काकू तिकडे धावल्या. मुहूर्त काही थांबणार नव्हता. बायको हजर नसली की नवऱ्याच्या कमरेला सुपारी खोचायची आणि तीच बायको मानायची, ही आमच्याकडची रीत. भटजींनी ती खोचली. मी फोन धरून म्हटलं, "तात्या, मधोमध बसा. एका कडेला दिसताय."

"आन् ती कुठं बसंल?" म्हणत तात्या हलले नाहीत. शेजारचा पाट फोटोत रिकामाच आला.

बारसं उरकून काकू परतल्या. आपल्याच घराची पूजा चुकल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं, म्हणून मी फोटो भीतभीतच दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा करत थेट तात्यांच्या कमरेपर्यंत नेला आणि म्हणाल्या, "मी बरी आलीया की फोटूत. ह्यांचंच डोळं मिटल्यात."