सेनोनमामाचं उलटं जाकीट

माझा मामा सेनोन कायिसाया ला पाझच्या बसस्थानकावर ओढ्या आहे. रात्रभर प्रवास करून पहाटे उतरणाऱ्या परदेशी पोरापोरींना गाठायचं, स्वस्त खोलीची स्तुती करायची आणि त्यांना ओढत लॉजच्या दारापर्यंत न्यायचं, हे त्याचं काम. स्थानकावर असे बरेच ओढ्ये आहेत. ते चेहरे बघतात, बूट बघतात, कोणत्या भाषेत हाक मारावी याचा अंदाज घेतात. मामा मात्र हात बघतो. उतरल्यावर कोण खांब धरून उभा राहतो, कोण पिशवी खाली ठेवून छातीवर हात ठेवतो. आमचं गाव उंच डोंगरात, हवा विरळ. खालून आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस जिना म्हणजे शिक्षा असते. अशांना मामा सांगायचा, "तळमजल्याची खोली आहे, घोंगड्या जड आहेत, पाणी गरम आहे." पोरं मोबाईल काढून लॉजला लोकांनी किती तारे दिलेत ते मोजायची. मामा मोबाईलवर हात ठेवून म्हणायचा, "हे तारे ज्याने दिले तो धापा टाकत नव्हता."

तो लॉज डोन्या बासिलिया चुकिमिया या बाईचा. स्थानकावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला, किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीच्या पुढे. मामा आणि ती एकमेकांचे कासेरो. बाजारात जिच्याकडून कायम कांदे घेतो ती आपल्याला कासेरो म्हणते, आपण तिला कासेरा म्हणतो, आणि एकदा म्हटलं की दुसरीकडून कांदे घ्यायचे नाहीत. घेतलेच तर पिशवी पोटाशी धरून मागच्या गल्लीने घरी जायचं. मामाने माझ्या जन्माच्या आधीपासून दुसऱ्या कुठल्या लॉजला गिऱ्हाईक नेलं नव्हतं. दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून सूप प्यायचा. वाटी रिकामी झाली की ती न विचारता वरून आणखी एक डाव घालायची. त्या वरच्या डावावरून कळतं, कोण घरचं आणि कोण नुसतं गिऱ्हाईक.

गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर, आणखी खाली, एक हॉस्टेल उघडलं. पाच मजले, गच्चीवर बार, भिंतीवर काळा चष्मा घातलेल्या लामाचं, म्हणजे आमच्याकडच्या लांब मानेच्या लोकरी जनावराचं, भलंमोठं चित्र. तिथल्या व्यवस्थापकाने मामाला महिन्याचा पगार देऊ केला आणि एक निळं, कापूस भरलेलं जाकीट दिलं. पाठीवर तोच चष्मेवाला लामा. मामाचा गुडघा दुखायला लागला होता आणि पहाटेची थंडी त्याला सोसत नव्हती. त्याने ते अंगात घातलं आणि मग काढलं नाही. माझी आई त्याची थोरली बहीण. ती म्हणाली, "लामाला चष्मा आहे, पण कुठे चाललायस ते तुलाच दिसत नाही."

नव्या हॉस्टेलला जायचं तर बासिलियाच्या दारावरूनच जावं लागतं. दुसरी वाट पायऱ्यांची, पाठीवर ओझं घेऊन नवख्याला न झेपणारी. मग मामाने एक युक्ती काढली. किल्लीवाल्याच्या टपरीशी आलं की तो थांबायचा, जाकीट काढायचा, उलटं करून घालायचा. आतली राखाडी बाजू वर, शिवणी उघड्या, मानेशी लोंबणारं लेबल. दार ओलांडलं की पुन्हा सुलटं. पाहुण्यांना वाटायचं इथली काही रीत असेल. एका उंच डच मुलाने तर स्वतःचंही जाकीट उलटं केलं आणि गंभीर चेहऱ्याने मामाच्या मागोमाग चालत राहिला. हे मामानेच आम्हाला सांगितलं. आम्ही हसलो, तोही हसला, मग त्याने ताट बाजूला सारलं आणि उठला.

बासिलियाला तो सांगायचा, रस्ते अडवलेत, गाड्याच येत नाहीत. आमच्या देशात हे कुणीही मान्य करतं, कारण निम्म्या वेळा ते खरंच असतं. दुपारचं सूप मात्र त्याने सोडलं नाही. सोडलं असतं तर तिने विचारलं असतं. त्याच स्टुलावर बसून तो वाटी संपवायचा. ती वरचा डाव घालायची, तोही संपवायचा.

मी वीजजोडणीचं काम शिकले आहे. कार्निव्हलच्या आधी तिने मला न्हाणीघरातला विजेचा शॉवर बदलायला बोलावलं, कारण जुना शॉवर गरम पाण्याबरोबर झटकाही द्यायचा. काम झालं तेव्हा म्हणाली, "मंगळवारी मामाबरोबर ये. तुझ्या शॉवरचीही चाल्ला करू."

कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे जे जे कमावून देतं त्याची चाल्ला होते. घर, दुकान, टॅक्सी, शिवणयंत्र, सगळ्यावर कागदी फिती, पाकळ्या, वर बियरचे शिंतोडे, आणि पहिला घोट धरणीला. बासिलियाच्या उंबरठ्यावर तो पहिला घोट दर वर्षी मामा ओतायचा. माणसं तोच आणतो, म्हणून मान त्याचा.

तो उलटं जाकीट घालूनच आला. बाहेर गारठा होता आणि दुसरं उबदार काही आता त्याच्याकडे उरलं नव्हतं. त्याने उंबरठ्यावर बियर ओतली. मग सगळी खोल्याखोल्यांतून फिरली: बासिलिया, तिची वहिनी, दोन जुने भाडेकरू, मामा आणि मी. पलंगांना फिती बांधल्या, झाडूला बांधली, माझ्या पकडीलाही. न्हाणीघरात शिरण्याआधी मी मेन स्विच बंद केला. वहिनी म्हणाली, "पोरगी देवावर विश्वास ठेवते, पण तारेवर नाही." सगळे हसले. स्वयंपाकघरात आलो तेव्हा पुचेरोचं पातेलं चुलीवर होतं. मटण, पीच आणि कोबीचा वास सुटला होता.

बासिलियाच्या हातात अजून अर्धी बाटली होती. ती मामाकडे बघत म्हणाली, "जाकीट नवं दिसतंय, कासेरो."

"नवं कसलं. घरातलंच आहे."

"शिवण तर कालची वाटतेय. चाल्ला केलीस त्याची?"

"कपड्याची कशाला?"

"कशाला म्हणजे? माझ्या झाडूची झाली. काढ."

त्या दिवशी चाल्लेला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? त्याने एक हात काढला, मग दुसरा. बासिलियाने जाकीट घेतलं, झटकलं, आणि शाळेतून आलेल्या लेकराचा स्वेटर करतात तशा एकेक बाही ओढून सुलट्या केल्या. घाई केली नाही. मग पाठ वर करून ते टेबलावर पसरलं.

चष्मेवाला लामा सगळ्यांकडे बघत होता. भाडेकरूंनी पातेल्याकडे नजर वळवली.

तिने लामाभोवती पाकळ्या टाकल्या. चारही कोपऱ्यांवर बियर शिंपडली, जशी पलंगांवर शिंपडली होती तशीच, न कमी न जास्त. आणि तेच शब्द म्हटले जे ती इतर वस्तूंसाठी म्हणत आली होती: "धरणी, ज्याचं हे आहे त्याला बरकत दे. त्याच्या दारी माणसं येऊ देत." मग जाकीट उचलून मामापुढे धरलं.

"उलट्या बाजूवर केलेली चाल्ला लागू होत नाही, म्हणून सुलटं केलं," ती म्हणाली. "घाला. आणि बसा, डॉन सेनोन. पुचेरो निवतोय."

इतक्या वर्षांत तिने त्याला डॉन, म्हणजे परक्या माणसाला मानाने लावायचं 'साहेब', कधी म्हटलं नव्हतं. मामा ओलं जाकीट घालून उभा होता. स्टुलाकडे वळला तर तिने टेबलाशी खुर्ची ओढून दिली, पाहुण्याला देतात तशी. तो जेवला. मान वर केली नाही. वाटी रिकामी झाल्यावर चमचा हातात धरून थोडा वेळ तसाच बसला. डाव पातेल्यातच राहिला.

निघताना वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं की किल्लीवाल्याने पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून बासिलिया वरच्या खिडकीतून बघायची. म्हणजे ते सगळे वरचे डाव तिने जाणून घातले होते. हे मी मामाला रस्त्यात सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला, खालून नुकत्याच आलेल्या माणसासारखा.

त्यानंतर त्याने जाकीट उलटं केलं नाही. सुलटंच घालून तिच्या दारावरून पाहुणे न्यायचा. ती पायरी झाडत असली तर म्हणायची, "नमस्कार, डॉन सेनोन," आणि झाडत राहायची. मामा आईला म्हणाला, तिने बाजारात चारचौघांत आईबहीण काढली असती तर चाललं असतं. आई म्हणाली, मग सोड ती नोकरी आणि जा परत. मामा म्हणाला, "सोडली तरी तिथे जाऊ कुठल्या तोंडाने?"

ईस्टरनंतर एका पहाटे त्याला स्थानकावर पिकल्या केसांची एक बाई दिसली. खांब धरून उभी होती, ओठ निळसर. मोबाईलमध्ये तिने चष्मेवाल्या लामाचंच हॉस्टेल निवडलं होतं, कारण त्याला सगळ्यांत जास्त तारे होते. लामा पाठीवर घेतलेला माणूस समोर पाहून तिला हायसं वाटलं. मामा तिला म्हणाला, "गच्ची छान आहे, पण पाच जिने आहेत. तुम्हाला आज जिना नको." त्याने तिची पिशवी उचलली, किल्लीवाल्याच्या टपरीपाशी थांबून तिला श्वास घेऊ दिला, आणि बासिलियाच्या दारावर टकटक केली.

ही हकिकत त्याने आम्हाला रात्रीच्या जेवणाला सांगितली. बासिलियाने दार उघडलं. बाईकडे पाहिलं, तिचा दंड धरला, आत नेऊन बसवलं. मामा उंबरठ्याबाहेर उभा. ती परत आली.

"तळमजल्याची खोली रिकामी असेल हे कसं ठाऊक?"

"धाप लागलेल्यासाठी तुम्ही ती ठेवता."

"मी नाही. माझ्या कासेरोने लावलेली सवय आहे ती," ती म्हणाली, आणि तिने घागऱ्याच्या कनवटीतून एक नाणं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

रस्त्यावरचा कुणीही ओढ्या गिऱ्हाईक घेऊन आला की त्याला दारातच नाणं देतात. तो आत येत नाही, सूप मागत नाही, देणंघेणं तिथेच संपतं. मामाने ते नाणं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने त्याने ते परत उचललं आणि जाकिटाच्या आतल्या खिशात टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्याने आणखी एका धापा टाकणाऱ्याला तिथे नेलं, आणि दारातच उभं राहून पुन्हा नाणं घेतलं.