नावाआधीची जागा

चहा, भेळ, मोबाईलची कव्हरं, सगळ्यात बुडालो. माझ्या दुकानावर लोक पत्ता विचारायलाच थांबायचे. शेवटी पाचोऱ्यात पंक्चरचं दुकान टाकलं. पाटीवर माझं नाव लिहायला एक हाडकुळा पेंटर आला.

"पाट्या काय, बठ्ठे पेंटर रंगवतात, भाऊ," तो म्हणाला. "पण मालक वारला का नावाआधी 'कै.' लिहायला मलेच बोलावतात. बारमाही धंदा शे."

माझ्या नावाआधी त्यानं चार बोटं जागा कोरी सोडली. म्हणाला, "मागून जागा पुरत नही."

तेव्हापासून रोज सकाळी तो सायकल थांबवायचा, मी दिसलो की मान हलवून निघायचा. माझं रोजचं गिऱ्हाईक तेवढंच. घाबरून मी त्या जागेत स्वतःच 'श्री' रंगवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि हसला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. पुसाले सोपं शे."