दोनशे चाळीस ओळींतला चेहरा

आधीच सांगतो, खाली 'आईचा आशीर्वाद' असली कमेंट टाकू नका. डोकं फिरतं माझं. आमच्या घरी बुद्धवंदना होते, भुताखेतांची भाषा होत नाही. आणि हैदराबादेत, सुलतान बाजारात वीस वर्षं मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतोय. व्हॉट्सअॅपवरचा फोटो आणून "भिंतीएवढा करा" म्हणणाऱ्यांवर मी खेकसतो... जे ठिपके फाईलमध्ये नाहीतच, ते आणू कुठून?

गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला नव्या कॅमेऱ्याने तिचा व्हिडिओ घेतला, फोर-के. दोन तासांनी ती हार्ट अटॅकने गेली. धाकट्या बहिणीला, सुनीताला, मी सांगितलं, "शेवटपर्यंत हसत होती." व्हिडिओ २४०पी, म्हणजे जेमतेम दोनशे चाळीस ओळींचा करून तिला पाठवला. "मोठी फाईल जात नव्हती," म्हणालो. मूळ फाईल उडवली.

पहिल्या स्मृतिदिनासाठी सुनीताला त्यातला फोटो मोठा करून हवा होता. रविवारी चारच्या सुमारास तिच्या मलकपेठच्या घरी गेलो.

"होत नाही गं. चेहरा जेमतेम वीस ठिपक्यांचा आहे."

"आमचा टीव्ही फोर-के आहे की!"

"टीव्ही असेल, फाईल नाही. एकेक ठिपका नऊपट पसरेल, बस्स."

"वीस वर्षं लोकांच्या नवऱ्या गोऱ्या करतोस, आपल्या आईचंच जमत नाही? नखरे नक्को, दादा. लाव."

पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर नुसते चौकोन. त्यामागे माझा आवाज — "आई, इकडे बघ... हस ना."

सुनीताने पॉज दाबलं आणि चित्र स्वच्छ झालं. एकदम. पदराची वीण दिसावी इतकं. आईचा हात छातीवर रुतलेला, ओठ आवळलेले, कपाळावर घाम.

ही फ्रेम मी ओळखत होतो. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मूळ फाईलमध्ये पाहिली होती. म्हणूनच तर व्हिडिओचा चिखल केला.

"ही हसतेय?" सुनीता उठली. "दादा, ही हसतेय?"

"मी... फोकस बघत होतो."

"तिला हस म्हणत होतास तू!" रिमोट भिंतीवर आदळला. "चल, नीघ इथून."

त्या आदळण्याने व्हिडिओ पुढे सरकला. पुन्हा चौकोन.

ती फाईल मी कितीदा तपासली. ४२६ बाय २४०, दुसरं काही नाही. दुकानातले म्हणतात, नवे टीव्ही चित्र सुधारतात. मूर्खपणा! टीव्ही कडा धारदार करतो, घाम बनवत नाही. आणि बनवलाच, तर नेमका तोच कसा?

स्मृतिदिनाला सुनीता माझ्याशी बोलली नाही. एका मावशींनी विचारलं, "शेवटी त्रास तर नाही ना झाला माऊलीला?" सुनीता माझ्याकडे बघत राहिली.

"झाला," मी म्हणालो. "माझ्यासमोर झाला."